पाण्याखालचं गाव आणि अमेरिकन उपग्रह

गूगल अर्थ उघडलं की वरच्या पट्टीत एक घड्याळाचं चित्र दिसतं. त्यावर टिचकी मारली की काळ मागे सरकवता येतो. पुण्यामुंबईची चित्रं झरझर बदलतात, इमारती नाहीशा होतात, डोंगर पुन्हा हिरवे होतात. पण आपल्या खेड्यापाड्यांच्या बाबतीत ही पट्टी १९८४-८५ च्या आसपास येऊन थांबते. त्याच्या मागे काही नाही.

आता उजनी धरण पूर्ण झालं १९८० साली. म्हणजे चार वर्षं कमी पडतात! आमच्यासारख्यांची सगळी गावं नेमकी त्या चार वर्षांच्या पलीकडे राहिली आहेत. नात्यातल्या मंडळींना हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. उजनी हे भीमेवरचं धरण. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवटा पार पुणे जिल्ह्यात इंदापूर-दौंडपर्यंत मागे गेलेला. इंदापूर, करमाळा या तालुक्यांतली नदीकाठची गावं त्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, ते पुष्कळांनी पाहिले असतील. आमच्या गावाला असं देऊळ नव्हतं. जे होतं ते मातीचं होतं, आणि माती पाण्यात राहत नाही.

पुतणे, भाचे, त्यांची मुलं दर दिवाळीला म्हणतात, "आजोबा, गूगलवर गाव दाखवा." मी पृथ्वीगोल फिरवतो, भीमेवर आणतो, आणि पाणी दाखवतो. पोरांचं तेवढ्यानं भागतं. माझं भागत नव्हतं. म्हणून धरणाच्या आधीचं एखादं चित्र फुकट मिळतं का, ते शोधायला लागलो. शोधताना जो इतिहास हाती आला तो मला गावाइतकाच महत्त्वाचा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच. जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे "हे आलं कुठून आणि याचे पैसे कुणी दिले" हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

तर मंडळी, वरून जमिनीची चित्रं काढायला सुरुवात झाली ती हेरगिरीसाठी. अमेरिकेच्या 'कोरोना' नावाच्या (तो आजार नव्हे!) उपग्रहांनी ऑगस्ट १९६० मध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे फोटो काढले. त्या वेळी चित्र विजेच्या लहरींनी खाली पाठवायची सोय पुरेशी नव्हती, म्हणून खरोखरची फिल्म एका डब्यात घालून वरून खाली टाकत. डबा हवाई छत्रीनं उतरू लागला की विमान त्याला हवेतल्या हवेत आकड्यानं पकडायचं. कादंबरीत लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मे १९७२ पर्यंत हे चाललं. पुढे १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती चित्रं खुली केली, आठ लाखांहून अधिक. म्हणजे आमची गावं उठत होती, आम्ही बैलगाड्यांत दारं-चौकटी भरत होतो, त्या काळात जगाच्या जमिनीचे फोटो कुठल्या तरी तिजोरीत पडून होते, आणि त्यांचं अस्तित्वसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

पण सगळ्यांसाठी चित्र काढायची कल्पना निराळ्या माणसांची. विल्यम पेकोरा हे अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याचे संचालक. त्यांचं म्हणणं असं की शेती, पाणी, जंगल, खनिजं यांसाठी एक साधा नागरी उपग्रह हवा. हेरखात्याला नको होतं, संरक्षणखात्याला नको होतं, आणि नासाचं सगळं लक्ष चंद्रावर. अखेर २१ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांच्या खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट यूडाल यांनी सरळ जाहीर करून टाकलं की आमचं खाते असा उपग्रह सोडणार आहे. नासाला हे वर्तमानपत्रांतूनच जास्त कळलं असावं असं वाटतं. पण त्या घोषणेनं गाडी हलली, आणि २३ जुलै १९७२ रोजी तो उपग्रह कॅलिफोर्नियातून उडाला. त्यालाच पुढे लँडसॅट-१ म्हणू लागले. पेकोरा त्याच्या चारच दिवस आधी, १९ जुलैला वारले.

२३ जुलै १९७२. आपल्याकडे तो बहात्तरचा दुष्काळ. पाऊस लांबला होता, मग आलाच नाही. विहिरी आटल्या, पुढे खडी फोडायची कामं निघाली, सुकडी आली. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना तारखा सांगाव्या लागत नाहीत. त्याच दिवसांत सव्वानऊशे किलोमीटर उंचीवरून हे यंत्र पृथ्वीभोवती दिवसाला चौदा फेऱ्या घालू लागलं, आणि दर अठरा दिवसांनी त्याच जागेवर परत येऊ लागलं.

या उपग्रहावर दोन यंत्रं होती. मुख्य मानाचा कॅमेरा एक, आणि दुसरं जरा प्रयोग म्हणून ठेवलेलं, सावत्र म्हणा ना. हे दुसरं यंत्र व्हर्जिनिया नॉरवुड या बाईंनी आखलेलं. त्यात एक आरसा सेकंदाला तेराएक वेळा इकडून तिकडे हलायचा आणि खालची जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाचत जायचा, जसा आपण पावकीचा तक्ता ओळीओळीनं वाचायचो. हलत्या आरशावर इंजिनियर लोकांचा विश्वास नव्हता. झालं उलटंच. मानाचा कॅमेरा काही आठवड्यांतच विजेच्या बिघाडानं बंद करावा लागला, आणि बाईंचं यंत्र वर्षानुवर्षं चाललं. २०२३ साली शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव कधी नव्हतं. असतं तर वर्गातल्या मुलींना मी आवर्जून सांगितलं असतं.

या यंत्राची गंमत अशी की ते डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपायचं. हिरवं पान हा प्रकाश भरपूर परत फेकतं, पाणी तो गिळून टाकतं. म्हणून चित्र तयार करताना त्या प्रकाशाला लाल रंग देतात. पीक लालभडक दिसतं, पाणी काळं, आणि पडीक जमीन निळसर-करडी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जमिनीला आग लागली की काय!

आता मुख्य प्रश्न पैशांचा. सुरुवातीला ही चित्रं सरकारी, किंमत बेताची. मग १९८४ साली अमेरिकेत कायदा झाला की हे सगळं खाजगी धंद्याकडे द्यायचं. पुढल्या वर्षी एका कंपनीला विक्रीचा हक्क मिळाला आणि एका चित्राची किंमत वाढत वाढत ४,४०० डॉलरपर्यंत गेली. १९९० च्या सुमारास डॉलर सतरा-अठरा रुपयांना होता, म्हणजे एक चित्र पाऊण लाखाच्या वर. माझा पगार तेव्हा महिन्याला तीन हजारांच्या आत. शिवाय विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला द्यायची नाही अशी अट. मोठ्या विद्यापीठांनासुद्धा परवडेना. लोकांनी चित्रं घेणं सोडलं, मग कोणाला नकोत म्हणून पुष्कळ ठिकाणची चित्रं काढणंच कमी केलं. त्या वर्षांतली जी चित्रं काढली गेली नाहीत ती आता कितीही पैसे दिले तरी मिळायची नाहीत. बाजाराला फक्त आजचं गिऱ्हाईक दिसतं. पन्नास वर्षांनी कुणा म्हाताऱ्याला आपलं गाव शोधायचं असेल, हे कुठल्या कंपनीच्या हिशेबात बसणार?

आपल्याकडे कंपनी नव्हती, कपाट होतं. पंच्याऐंशीच्या सुमारास शाळेसाठी आमच्या भागाचं टोपोशीट मिळावं म्हणून मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, नकाशा कशाला हवाय तुम्हाला?" मी म्हटलं, "मुलांना शिकवायला." ते म्हणाले, "मग पुस्तकातला आहे की!" आणि चहा पाजला. चहा चांगला होता. नकाशा मात्र मिळाला नाही.

खरं तर टोपोशीटची रचना मुलांना शिकवण्याजोगी. सर्व्हे ऑफ इंडियानं सगळा देश चार अंशांच्या चौकोनांत वाटला, प्रत्येकाला आकडा दिला. आपला पश्चिम महाराष्ट्र बराचसा ४७ मध्ये येतो. मग त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, इंग्रजी ए पासून पी पर्यंत, वरून खाली उतरत जाणारे. पुणे शहर ४७ एफ, भिगवण ४७ जे, करमाळा ४७ एन. एवढं कळलं की कुठल्याही गावाचा पत्ता आकड्यांत सांगता येतो. पण सीमेलगतचे आणि किनाऱ्यालगतचे तपशीलवार नकाशे बंधनात होते, आणि त्या बंधनाची सावली बाकीच्या नकाशांवरही पडायची.

आणि याच्यावर कडी म्हणजे, आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवरून अमेरिकन लष्करानं १९५५ च्या सुमारास हिंदुस्थान-पाकिस्तानचे नकाशे छापले, एका सेंटीमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणाचे. अमेरिकेत केंद्र सरकारनं केलेल्या कामावर स्वामित्वहक्क नसतो, ते जनतेचं. त्यामुळे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते नकाशे आंतरजालावर ठेवून दिले, कुणीही उतरवून घ्या. आमच्या धरणात गेलेल्या गावांची नावं, नदी, गाडीवाट, सगळं त्यात आहे, रोमन लिपीत आणि जरा वेडंवाकडं. ते नकाशे पहिल्यांदा उघडले त्या रात्री मला आनंद झाला की राग आला, ते अजून सांगता येत नाही.

आपल्याकडे गोष्टी हळूहळू सुटत गेल्या. २००५ च्या मे महिन्यात राष्ट्रीय नकाशा धोरण आलं, लष्करासाठी एक मालिका आणि नागरिकांसाठी दुसरी, अशी विभागणी झाली. २००९ साली इस्रोनं 'भुवन' हा आपला पृथ्वीगोल आणला. २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा नागरिकांना टोपोशीट फुकट उतरवून घ्यायची सोय केली गेली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरची बहुतेक बंधनं काढली. १७६७ सालच्या खात्यानं २०१७ मध्ये कपाट उघडलं, हेही नसे थोडके.

मधल्या काळात पृथ्वीगोल घरात आले होते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानानं साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून अकरा दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. आज पडद्यावर सह्याद्री उभा दिसतो तो त्या मोजणीच्या जिवावर. २००४ मध्ये नासानं 'वर्ल्ड विंड' नावाचा फुकट गोल दिला. त्याच वर्षी गूगलनं 'कीहोल' ही छोटी कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये तिचाच गोल 'गूगल अर्थ' म्हणून आणला. कीहोल म्हणजे किल्लीचं भोक. हेरउपग्रहांचंही तेच सांकेतिक नाव होतं!

राष्ट्रपती कलामसाहेबांनी ऑक्टोबर २००५ मध्ये हैदराबादला पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना या चित्रांबद्दल काळजी व्यक्त केली होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे आणि ती काळजी अस्थानी नव्हती. पण मला आपलं वाटतं, ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना १९६० पासून सगळं दिसतच होतं. दिसत नव्हतं ते ज्याची जमीन त्याला.

त्या पहिल्या गूगल अर्थमध्ये पुणे स्वच्छ दिसायचं आणि आमचा तालुका तपकिरी-हिरव्या धुक्यात. ते धुकं म्हणजेच लँडसॅट. १९९२ साली अमेरिकेनं खाजगीकरणाचा कायदा मागे घेतला होता. १९९९ मध्ये उडालेल्या लँडसॅट-७ ची चित्रं पुन्हा सरकारी, किंमत ६०० डॉलर, पण एकदा घेतलं की कितीही जणांना वाटा. या एका सवलतीमुळेच हे फुकटचे गोल उभे राहिले. मेरीलँड विद्यापीठासारख्यांनी चित्रं साठवून सगळ्यांना खुली केली. पुढे २००३ मध्ये त्या उपग्रहाचा एक भाग बिघडला, चित्रांत काळ्या फटी पडू लागल्या, विक्री घसरली. तेव्हा सर्वेक्षण खात्यात भूगोलाचं काम पाहणाऱ्या बार्बरा रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेट लावला की आता किंमतच नको. एप्रिल २००८ मध्ये जाहीर झालं, आणि २००९ उजाडेपर्यंत १९७२ पासूनचं सगळं भांडार फुकट झालं. २००१ हे विक्रीचं चांगलं वर्ष, तेव्हा पंचवीसेक हजार चित्रं खपली होती. फुकट झाल्यावर वर्षभरात दहा लाखांच्या घरात गेली. त्यातलं एक मी घेतलेलं नव्हतं, माझ्याकडे तेव्हा संगणकच नव्हता :-)

मी ते उतरवलं निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचं 'अर्थ एक्सप्लोरर' म्हणून संकेतस्थळ आहे. तिथे फुकट खातं उघडायचं. नकाशावर आपल्या भागाभोवती चौकोन काढायचा, तारखा द्यायच्या, ढग दहा टक्क्यांच्या आत असा पर्याय निवडायचा. मग लँडसॅटच्या यादीत जाऊन १ ते ५ या जुन्या उपग्रहांवर खूण करायची. पावसाळ्यातली चित्रं मागू नका, कापूस पिंजल्यासारखे ढग मिळतील. कोरोनाची चित्रंही तिथेच शोधता येतात आणि ती पुष्कळ बारीक तपशिलाची असतात. आधीच कुणासाठी स्कॅन केलेलं असेल तर फुकट, नाहीतर स्कॅनचे तीस डॉलर पडतात. मिळालेलं चित्र गूगल अर्थ प्रोमध्ये 'इमेज ओव्हरले' म्हणून आजच्या चित्रावर पसरायचं. प्रो आवृत्तीला पूर्वी वर्षाला चारशे डॉलर मोजावे लागत, जानेवारी २०१५ पासून तीही फुकट आहे. वरचं चित्र पारदर्शक करायची एक सरकपट्टी मिळते. सगळी मजा त्या पट्टीत आहे.

मला १९७३ च्या सुरुवातीचं, ढग नसलेलं चित्र मिळालं. नातवानं रंग लावून दिले. दुष्काळाचं साल, त्यामुळे लाल रंग जेमतेम. सगळा मुलूख राखेसारखा करडा, आणि त्यातून भीमा काळ्या दोऱ्यासारखी वळणं घेत गेलेली. नातवानं सरकपट्टी ओढली की उजनीचं पाणी विरळ व्हायचं आणि खालून तो दोरा वर यायचा. पुन्हा ओढली की बुडायचा. त्यानं चार-पाच वेळा तसं केलं, मग गप्प बसून राहिला.

मोठ्या वहिनी तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. वय पंच्याऐंशी, लिहायला-वाचायला बेताचं. पडद्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊजी, ही नदी हाय का?"

"होय वहिनी."

"मग आपली हीर कुठंय?"

मी सांगितलं की या चित्राचा एक ठिपका म्हणजे ऐंशी मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद, साधारण दीड एकर जमीन. आपली पांढरी वीसेक एकरांची असेल, म्हणजे सगळं गाव मिळून बारा-तेरा ठिपके. विहीर कशी दिसणार? त्यांनी ऐकून घेतलं.

"हीर नको दिसू दे. वळण दावा. दोन वळणं होती, एकापाठोपाठ."

नातवानं चित्र मोठं केलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "हितं म्हसोबा. हितं आपण धुणं धुवायचो. आन् हितनं वर गेलं की घर." त्या जागी मला चार करड्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. नंतर तो अमेरिकन लष्कराचा नकाशा त्यावर बसवून पाहिला. गावाचं नाव त्यांच्या बोटाखालीच आलं.

त्या चित्राची मोठी प्रत काढून नव्या गावठाणात देवळाच्या सभामंडपात लावली आहे. शेजारी लष्करी नकाशाची प्रत आणि खाली नावं देवनागरीत. म्हातारी माणसं बोटं टेकवतात, त्यामुळे नदीजवळचा कागद मळलाय.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०१८ साली अमेरिकेत पुन्हा विचार सुरू झाला होता की लँडसॅटच्या चित्रांना पैसे लावावेत का. समिती नेमली, चर्चा झाली, आणि आजवर तरी किंमत लागलेली नाही. युरोपचे सेंटिनेल उपग्रह २०१५ पासून दहा मीटर तपशिलाची चित्रं फुकट देतात, तेही बघून ठेवा. पण माझा सल्ला, ज्याला आपल्या भागाची जुनी चित्रं हवीत त्यानं आत्ताच उतरवून, दोन ठिकाणी जपून ठेवावीत. फुकट वस्तूला मालक नसतो असं आपण समजतो, पण कपाटाला कुलूप परत केव्हा लागेल ते कुणी सांगावं?

करमाळ्याच्या बाजूच्या दोन गावांची मंडळी सभामंडपातलं चित्र पाहून गेली. त्यांची गावं माझ्या चित्राच्या कडेला अर्धवट येतात, त्यांच्यासाठी पूर्वेकडचं चित्र लागेल. मला सापडलं त्यात नेमका तिथेच ढग आहे. १९७२ ते ७६ मधलं, शक्यतो जानेवारी ते मार्चमधलं, बिनढगाचं चित्र कुणाला मिळालं तर जरूर कळवा. त्या मंडळींतले एकजण नव्वदीचे आहेत.